जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये टर्बो इंजिन बसवायचंय? आधी आरसी उघडा, मग हॉर्सपॉवर बघा

रीलमध्ये दोन दिवसांत होणारं 'इंजिन स्वॅप' प्रत्यक्षात कुठे अडतं? कोणतं इंजिन निवडावं, कायदा काय सांगतो आणि पैसे नेमके कुठे जातात? समजून घ्या सोप्या भाषेत.

कळवा नाक्यावर चहा पिताना मित्राने फोन पुढे केला. स्क्रीनवर लाल रंगाची, दोन सीटची, छत नसलेली छोटी गाडी. गोव्यात विकायला असलेली जुनी सॅन स्टॉर्म. "मालक टोकन मागतोय. घेऊ का? घेतली तर आतलं इंजिन काढून टर्बो टाकणार. तू इंजिनीअर आहेस ना, कोणतं टाकू ते सांग."

इंजिनीअरिंगची डिग्री असलेल्या प्रत्येकाला असे प्रश्न येतात. शेजारच्या काकूंचा मिक्सर बिघडला तरी येतात. पण या प्रश्नावर पटकन एखाद्या इंजिनचं नाव सांगून मोकळं होता येत नाही, कारण चुकीचं उत्तर महागात पडतं. पैसे जातात, गाडी गॅरेजमध्ये वर्षभर उभी राहते, आणि सगळं जमून आलं तरी ती रस्त्यावर बेकायदा ठरू शकते. म्हणून त्याला जे सांगितलं, ते इथे सविस्तर.

सॅन स्टॉर्म म्हणजे कोणती गाडी?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची रोडस्टर. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं १,१४९ सीसीचं. ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. इंजिन पुढे आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्याच चाकांना. दिसायला स्पोर्ट्स कार, पण पळायला एखाद्या हॅचबॅकसारखी. त्यामुळे ज्याला ती आवडते, त्याच्या मनात पहिला विचार हाच येतो की हिला थोडी ताकद मिळाली तर?

आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कार मुळातच कमी. त्यामुळे हीच हौस अनेक जण प्रीमियर पद्मिनी, ११८ एनई किंवा कॉन्टेसावर भागवतात. पुढचे बहुतेक मुद्दे त्यांनाही लागू आहेत.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तोच धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्या चक्राच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या, इतका याचा वेग जाऊ शकतो. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढी ताकद देतं.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं, तसंच. बाहेर ३० अंश असलेली हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, तर तिचं तापमान सहज शंभर अंशांच्या पुढे जातं. गरम हवेमुळे इंजिनात 'नॉकिंग' होतं, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. म्हणून इंटरकूलर लागतो. इंटरकूलरला जागा लागते, आणि त्याच्यावरून वारा वाहावा लागतो.

आता विटावा ते कळवा पूल हा संध्याकाळचा रस्ता आठवा. वीस-वीस मिनिटं गाडी जागची हलत नाही. तिथे वारा कुठून येणार? थंडीच्या देशात केलेला स्वॅप बघून आपण इथे तीच मांडणी केली, तर पहिला त्रास इथेच सुरू होतो.

इंजिन एकटं येत नाही

इंजिन बदलणं ही काही गॅरेजवाल्यांचीच युक्ती नाही. आपल्याच पट्ट्यातल्या कंपन्यांनी ते अधिकृतपणे केलं आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची, पण आत निस्सानचं १,१७१ सीसीचं ए१२ इंजिन. नावातलं 'एनई' म्हणजेच 'निस्सान इंजिन'. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यासोबत गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला गेला.

दुसरं उदाहरण डीसी अवंतीचं. दिलीप छाब्रिया यांची ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली. तिच्यात रेनॉचं २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, ताकद २५० हॉर्सपॉवरच्या घरात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बनलेलं हे इंजिन इथे सीटच्या मागे बसवलं आणि ताकद मागच्या चाकांना दिली.

दोन्हींतून एकच धडा मिळतो. इंजिन निवडताना खरं तर आपण पूर्ण संच निवडत असतो:

- इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स
- ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि त्याची पूर्ण वायरिंग
- इमोबिलायझर आणि त्याची मूळ चावी
- इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर पेडल
- इंटरकूलर, रेडिएटर, पंखे
- पेट्रोल पंप, सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह एक्झॉस्ट

यातलं एक जरी राहिलं, तरी इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन 'चेक इंजिन'चा दिवा लावून निम्म्या ताकदीवर चालतं. म्हणूनच जाणकार सुटं इंजिन घेत नाहीत. अपघातात बॉडी गेलेली, पण इंजिन सुरू असलेली पूर्ण गाडी घेतात. तिला 'डोनर कार' म्हणतात.

भारतात मिळणारी टर्बो पेट्रोल इंजिनं कोणती?

*मारुती १.० बूस्टरजेट:* तीन सिलिंडर, साधारण १०० हॉर्सपॉवर, १५० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क. २०१७ च्या बलेनो आरएसमध्ये आलं, पुढे २०२३ च्या फ्रॉन्क्समध्ये पुन्हा दिसलं. वजनाला हलकं. अडचण म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. यात पेट्रोल शेकडो बार दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हाय प्रेशर पंप आणि त्याचं नियंत्रण मूळ ईसीयूशिवाय सांभाळणं कठीण.

*फोक्सवॅगन १.० टीएसआय:* ११० हॉर्सपॉवर, १७५ न्यूटन मीटर. २०२० च्या पोलोपासून आपल्याकडे आहे. इंजिन उत्तम, पण हेही डायरेक्ट इंजेक्शनचं, आणि इलेक्ट्रॉनिक्स बाकी गाडीशी घट्ट बांधलेलं.

*फियाट १.४ टी-जेट:* चार सिलिंडर. लिनियात ११४ हॉर्सपॉवर आणि २०७ न्यूटन मीटर, तर रांजणगावात तयार झालेल्या २०१५ च्या अबार्थ पुंटोत १४५ हॉर्सपॉवर. पेट्रोल इनटेकमध्ये फवारलं जातं, त्यामुळे रचना तुलनेने सोपी. हौशी लोकांचं लाडकं इंजिन. पण फियाटच्या गाड्या आता आपल्याकडे बनत नाहीत. एखादा सेन्सर गेला तर शोधाशोध ठरलेली.

*टाटा १.२ रेव्होट्रॉन:* नेक्सॉनमध्ये तीन सिलिंडर, आधी ११० आणि नंतर १२० हॉर्सपॉवर, १७० न्यूटन मीटर. गाड्या भरपूर विकल्या गेल्यामुळे सुटे भाग सहज मिळतात.

*रेनॉ-निस्सान १.० टर्बो:* २०२० च्या अखेरीस मॅग्नाइटमध्ये आणि २०२१ मध्ये कायगरमध्ये आलं. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, १०० हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत १६० न्यूटन मीटर. यातही पेट्रोल इनटेकमध्येच फवारलं जातं.

*महिंद्रा २.० एमस्टॅलियन:* २०२० च्या थारमधलं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन. वरची पाचही इंजिनं मुळात पुढे आडवी बसणारी. हे मात्र थारमध्ये उभं बसतं आणि ताकद मागे पाठवतं. पद्मिनी, ११८ एनई, कॉन्टेसा या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांच्यासाठी दिशा हीच योग्य, पण आकार आणि टॉर्क बघता पद्मिनीसारख्या छोट्या गाडीला ते झेपणारं नाही.

स्टॉर्मसाठी एक इंजिन कागदावर सगळ्यात जवळचं ठरतं. तिच्यातल्या १,१४९ सीसी इंजिनाच्याच घराण्यातून रेनॉने युरोपात १०० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन काढलं होतं. क्लिओ आणि ट्विंगो जीटीमध्ये ते होतं. सीसी तेवढेच, घराणं तेच. पण ते आपल्याकडे विकलं गेलं नाही. परदेशातून वापरलेलं इंजिन आणायचं, मग दर लहान भागासाठी कुरिअरची वाट बघायची, हा खेळ दोन सर्व्हिसिंगमध्ये कंटाळा आणतो.

माझ्या हिशेबात निवडीचा क्रम असा लागतो: इंजिन आडवं की उभं, सोबत गिअरबॉक्स येतो का, पेट्रोल फवारण्याची पद्धत सोपी आहे का, भाग आज मिळतात का, आणि सगळ्यात शेवटी हॉर्सपॉवर. या क्रमाने स्टॉर्मसाठी कायगरचं किंवा नेक्सॉनचं इंजिन वर येतं. १४५ हॉर्सपॉवरचं टी-जेट मोहात पाडतं, पण यादीत खालीच राहतं.

गाडीला ते झेपेल का?

स्टॉर्मच्या मूळ इंजिनाचा टॉर्क नव्वद न्यूटन मीटरच्या आसपास. कायगरच्या इंजिनाचा १६०. म्हणजे जवळपास पावणेदोनपट. हा जोर क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि इंजिन माउंटिंगवर येतो. जुना गिअरबॉक्स ठेवून नवं इंजिन जोडलं, तर जो भाग सगळ्यात कमकुवत तो आधी तुटणार.

पद्मिनीचं गणित आणखी अवघड. तिचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटरला ठीक थांबणारी गाडी १२० ला 'थोडी उशिरा' थांबत नाही, ती थांबतच नाही असं वाटतं. पारसिकचा डोंगर चढून मुंब्रा बायपासच्या उतारावर जुने ड्रम ब्रेक तापल्याचा अनुभव असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

म्हणून खर्चाचा क्रम उलटा ठेवावा: आधी ब्रेक, टायर, सस्पेन्शन. मग रेडिएटर आणि पंखे. त्यानंतर इंजिन. जुन्या रबरी पेट्रोल पाइपांकडेही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात लवकर खराब होऊ शकतं. गळकी पाइप आणि लालबुंद तापलेला टर्बो शेजारी शेजारी असणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कायदा काय म्हणतो?

रीलमध्ये न दिसणारा भाग हाच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. इंजिन नंबर, सीसी, इंधन हे सगळं आरसीवर असतं.

सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग इंजिन खराब झालं तर? त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवता येतं. पण त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद हवी. ६० हॉर्सपॉवरचं काढून टर्बो टाकणं या सवलतीत बसत नाही.

गंमत म्हणजे कायदा सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीसाठी दार उघडं ठेवतो. मान्यताप्राप्त किट नियमाप्रमाणे बसवलं आणि आरसीवर नोंद केली, की बदल कायदेशीर. अशा किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. म्हणजे जुनी पद्मिनी इलेक्ट्रिक करणं कागदावर शक्य आहे, टर्बो करणं नाही. अर्थात किटची मान्यता ठराविक मॉडेलपुरती असते. स्टॉर्मसारख्या दुर्मीळ गाडीसाठी ती मिळणं अवघड.

'पकडणार कोण?' असं वाटतंय?

तीन ठिकाणी गाडी पकडली जाते.

पहिलं, नोंदणी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्याआधी गाडीची तपासणी. स्टॉर्मसारखी गाडी केव्हाच या टप्प्यात आली आहे. शिवाय गोव्याची गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर एनओसी आणून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. कळव्यात राहणाऱ्याला ठाण्याचा एमएच ०४, डोंबिवलीकराला कल्याणचा एमएच ०५. या तपासणीत चासिस आणि इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून बघतात.

दुसरं, विमा. न कळवता केलेला मोठा बदल हे दावा नाकारण्याचं कारण ठरू शकतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान एक वेळ सोसता येईल, पण अपघातात दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाईची रक्कम शेवटी मालकाकडून वसूल होण्याचा धोका असतो. घर विकावं लागेल, इतकी ती असू शकते.

तिसरं, गाडीची किंमत. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. घरात आजोबांची फियाट ११०० असेल, तर तिचं मूळ इंजिन हेच तिचं खरं मोल. ते भंगारात देऊन टर्बो टाकणं म्हणजे मूळ पैठणी कापून कुर्ता शिवणं.

वापरलेलं इंजिन घेताना

कुर्ल्याच्या बाजारात जवळपास कुठलंही इंजिन मिळतं, असं म्हणतात. पण परवानगीने, त्याच प्रकारचं इंजिन बदलत असाल तरी या गोष्टी सोडू नका:

- ते कोणत्या गाडीतून निघालं, तिची कागदपत्रं आणि पक्की पावती घ्या. चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस तुमच्या दारात येतात.
- ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर तिथूनच मागे फिरा.
- शक्य असेल तर इंजिन सुरू करून, कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्या.
- टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट हाताने हलवून बघा. तो डुगडुगत असेल किंवा पाइपमध्ये तेल भरलेलं असेल, तर खर्च वाढला समजा.

मग हौस भागवायची कशी?

*गाडी रस्त्यावर चालवायची असेल:* मूळ इंजिनच नीट रिबिल्ड करा. ब्रेक, टायर, बुश, शॉक अब्सॉर्बर नवे घाला. हलक्या गाडीत याचा फरक लगेच जाणवतो, आणि आरसीला धक्का लागत नाही.

*फक्त ट्रॅकवर चालवायची असेल:* टर्बो स्वॅपची खरी जागा ही. गाडी रस्त्यावर न चालवता ट्रेलरवरून चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची, तिथल्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे तयार करायची. स्टॉर्मसाठी कायगर किंवा नेक्सॉनची डोनर कार, तिचा पूर्ण संच आणि गाडीचं वायरिंग वाचू शकणारा माणूस, एवढं तरी लागेल.

*टर्बोचीच मजा हवी असेल:* कंपनीनेच टर्बो दिलेली जुनी गाडी शोधा. चाकणची पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची अबार्थ पुंटो, बलेनो आरएस. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक एकमेकांसाठीच बनलेले. आरसीवर जे लिहिलंय तेच बॉनेटखाली.

मित्राचं काय झालं?

टोकन देण्याआधी त्याला एकच काम सांगितलं: विकणाऱ्याकडून आरसीचा आणि इंजिनावरच्या नंबरचा फोटो मागव. दोन दिवसांनी फोटो आले. दोन्हींवरचे नंबर वेगळे होते. आधीच्या कुठल्या तरी मालकाने इंजिन बदललं होतं, नोंद मात्र केली नव्हती. विकणारा म्हणाला, "ते काय, चालतं हो."

ती गाडी आपल्याकडे आणून नोंदवायला गेला असता, तर टर्बोचा प्रश्न यायच्या आधीच त्याचे पैसे अडकले असते. त्याने टोकन दिलं नाही. आधी नव्या इंजिन नंबरची आरसीवर नोंद करून द्या, मग बोलू, असा निरोप पाठवलाय. तोवर फोनवर अबार्थ पुंटो शोधणं चालू आहे.

थोडक्यात

- इंजिन निवडताना हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघा. आधी मांडणी, गिअरबॉक्स, इंजेक्शन आणि सुटे भाग.
- सुटं इंजिन नको, पूर्ण संच किंवा डोनर कार हवी.
- ब्रेक आणि कूलिंगचा खर्च इंजिनाच्या आधी करा.
- रस्त्यावरच्या गाडीत वेगळ्या प्रकारचं टर्बो इंजिन कायद्यात बसत नाही.
- जुनी गाडी घेताना आरसी आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर ताडून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.